शाल, श्रीफळ आणि एक शिळा प्रश्न

थोरांचा मान कसा राखावा हे महाराष्ट्रातील सुशिक्षित कुटुंबांस कोणी शिकवावयास नको, असा एक समज आमच्यात रूढ आहे. शाल आहे, श्रीफळ आहे, पुष्पगुच्छ आहे, औक्षणाचे तबक आहे. याउपर शिष्टाचाराचे आणखी काय उरते, असे आमच्या सभांचे चालक विचारतील. आमचे म्हणणे असे की, याउपरच शिष्टाचाराचा आरंभ होतो. आणि नेमक्या त्याच ठिकाणी आमचा समाज हात झटकून छायाचित्रासाठी उभा राहतो. पाहुण्यास गौरविण्याच्या नावाखाली आपण त्याचा वेळ आणि त्याचे ज्ञान दोन्ही वाया घालवितो, व वर त्यालाच सन्मान म्हणतो, असा आमचा स्पष्ट आरोप आहे. तो सिद्ध करण्यासाठी आम्ही एकाच प्रकारचा पाहुणा निवडतो: अवकाशात जाऊन आलेला आणि आता निवृत्त झालेला कीर्तिमान मनुष्य.

हाच पाहुणा निवडण्यास दोन कारणे आहेत. कवी, नट, मंत्री, खेळाडू यांच्या उद्योगाची निदान अंधूक कल्पना आपणा सर्वांस असते. अंतराळवीराच्या उद्योगाची मुळीच नसते. म्हणजे ज्याला विचारण्यासारखे सर्वांत अधिक, त्यालाच आपण सर्वांत कमी विचारतो. हे पहिले कारण. दुसरे असे की, हा प्रसंग आता पूर्वीइतका दुर्मिळ राहणार नाही. 1984 साली राकेश शर्मा पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. त्यानंतर दुसरा भारतीय नागरिक, शुभांशु शुक्ला, पृथ्वीच्या कक्षेत जाण्यास 2025 चा जून उजाडावा लागला. मध्ये 41 वर्षे गेली. परंतु ‘गगनयान’ मोहिमेसाठी निवडलेल्या हवाई दलातील चार वैमानिकांची नावे 2024 च्या फेब्रुवारीतच जाहीर झाली आहेत. आज ना उद्या ही मंडळी निवृत्त होतील, व्याख्यानमालांची आमंत्रणे त्यांच्याकडे जातील, आणि त्यांतील एखादा पूस नदीच्या काठी आमच्या पुसदासही येईल. त्या वेळी आपण त्यास काय विचारणार आहोत?

आजवर काय विचारले, ते आधी पाहू. राकेश शर्मा यांचे चरित्र थोडक्यात असे. जन्म 1949 साली पतियाळा येथे. 1966 साली पुण्याजवळ खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत प्रवेश. 1970 साली हवाई दलात नेमणूक. आणि लगेच पुढच्या वर्षीच्या युद्धात मिग-21 विमानातून 21 मोहिमा. पुढे चाचणी-वैमानिक. 1982 साली अवकाशयात्रेसाठी निवड झाल्यावर मॉस्कोजवळ प्रशिक्षण, आणि ते सर्व रशियन भाषेत, म्हणून आधी ती भाषाच हस्तगत करणे भाग. 3 एप्रिल 1984 रोजी बैकानूर येथून यूरी मालिशेव व गेन्नादी स्त्रेकालोव यांच्यासह ‘सोयूझ टी-11’ यानातून प्रयाण. ‘सल्यूत-7’ या स्थानकावर मुक्काम. 11 एप्रिल रोजी परत. एकूण प्रवास 7 दिवस, 21 तास, 40 मिनिटे. त्या अवधीत भारतभूमीची छायाचित्रे घेतली, हृदयावर होणाऱ्या परिणामांची नोंद केली, वितळलेला धातू वजनरहित स्थितीत कसा घट्ट होतो ते पाहिले, आणि त्या स्थितीशी शरीराने जुळवून घेण्यास योगासनांचा उपयोग होतो काय, याचाही प्रयोग स्वतःवर केला.

आता या सगळ्यातून आपल्या समाजाने काय जपून ठेवले? एक प्रश्न आणि एक उत्तर. वरून भारत कसा दिसतो, असे पंतप्रधान इंदिरा गांधींनी विचारले, आणि शर्मांनी इक्बालांच्या सुप्रसिद्ध तराण्याचे आरंभीचे शब्द उच्चारले. उत्तर सुंदर होते, यात वाद नाही. शाळेत रोज म्हटलेले गीत त्या क्षणी ओठांवर आले, असे त्यांनी स्वतः पुढे सांगितलेही आहे. परंतु उत्स्फूर्त उत्तर एकदाच उत्स्फूर्त असते. तोच प्रश्न त्याच माणसाला चाळीस वर्षे विचारीत राहणे, आणि त्याने तेच शब्द पुन्हा उच्चारताच टाळ्यांचा कडकडाट करणे, याला संभाषण म्हणत नाहीत. ज्याचे उत्तर सभागृहातील प्रत्येकास पाठ आहे, तो प्रश्न विचारण्यात जिज्ञासा नसते. तो पोपटाचा खेळ होय. आणि त्या खेळातील पोपट आपण आपल्या सन्मान्य पाहुण्यास केलेले असते.

यात महाराष्ट्राचा दोष विशेष आहे, असे आम्हांस वाटते. 1987 साली शर्मा हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये गेले आणि 1992 पर्यंत त्या संस्थेच्या नाशिक विभागात मुख्य चाचणी-वैमानिक होते. नाशिकजवळ ओझरला मिग विमाने बांधली जात. चाचणी-वैमानिकाचे काम म्हणजे विमान दुसऱ्याच्या हाती सोपविण्यापूर्वी ते स्वतः आकाशात न्यावयाचे आणि त्यातील दोष, शक्य तर जिवंत राहून, हुडकून काढावयाचे. अवकाशातील सात-आठ दिवसांहून या पाच वर्षांचे धाडस कमी होते, असे कोण म्हणेल? ही वर्षे आपल्या भूमीवर, आपल्या शेजारी गेली. खडकवासल्याचे दिवसही आपल्याच मातीतले. परंतु त्याविषयी विचारणारा मराठी मनुष्य विरळा. ज्याच्या आयुष्याची पाने शेकड्यांनी आहेत, त्याला आपण एका ओळीत कोंडून ठेवले, आणि त्या कोंडवाड्याला तोरण बांधले.

दुसरा ठेवणीतला प्रश्न देवाचा. वर गेला होता तर देव भेटला का, असे आपणास लोक विचारीत, आणि नाही भेटला असे आपण सांगत असू, हे शर्मांनीच 2018 साली एका मुलाखतीत सांगितले आहे. या प्रश्नाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. 1961 साली यूरी गागारिन अवकाशात जाऊन आले, आणि ‘वर देव कोठे दिसला नाही’ अशा अर्थाचे एक वाक्य त्यांच्या नावावर जगभर फिरले. त्यांच्या उड्डाणाच्या संभाषणांच्या नोंदींत ते सापडत नाही. धर्माविरुद्धच्या प्रचारासाठी ते ख्रुश्चेव यांच्या भाषणातून पसरले. म्हणजे आस्तिकांना अंतराळवीर साक्षीला हवा, नास्तिकांनाही हवा. त्याला स्वतःला काय सांगावयाचे आहे, याची पर्वा दोघांनाही नाही. जमिनीपासून साडेतीनशे किलोमीटर वर गेल्याने ईश्वराचा निकाल लागत असता, तर आमच्या संतांनी एवढे कष्ट कशाला घेतले असते?

तिसरा प्रकार अज्ञानाचा, परंतु अभिमानाने मिरविलेल्या अज्ञानाचा. त्याच मुलाखतीत शर्मांनी सांगितले आहे की, तरुण माता आपल्या मुलांना त्यांची ओळख करून देताना, हे काका चंद्रावर जाऊन आले, असे सांगतात. चंद्रावर आजवर बारा माणसे चालली. ती सर्व अमेरिकन, आणि सर्व 1969 ते 1972 या काळातली. हे जाणण्यास विद्यापीठाची पदवी लागत नाही, दोन मिनिटे लागतात. ज्या घरात मुलाच्या गुणपत्रिकेतील अर्ध्या गुणासाठी शाळेत खेटे घातले जातात, त्या घराला पाहुण्याच्या आयुष्यातील मुख्य गोष्ट बिनचूक माहीत असू नये, ही निष्काळजी नव्हे काय? आणि जी निष्काळजी आपण आपल्या व्याह्याच्या बाबतीत दाखविणार नाही, ती देशाच्या पाहुण्याच्या बाबतीत दाखवावी, हा कोणता शिष्टाचार?

आता कल्पना करा की, असा पाहुणा पुसदास आला आहे. वेळ सायंकाळी सहाची. सभा सुरू होते सव्वासातला, कारण उद्घाटक वाटेत आहेत. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक. मग व्यासपीठावरील चौदा जणांचे चौदा जणांच्या हस्ते स्वागत. परिचय करून देणारे गृहस्थ पाहुण्याची पदके वाचतात, आणि त्यांत आपल्या संस्थेचे पंचवीस वर्षांचे कार्यही ओवतात. सूत्रसंचालक प्रत्येक दोन वाक्यांमागे एक शेर म्हणतो. उद्घाटक आपल्या मतदारसंघातील रस्त्यांविषयी बोलतात. देवाला नैवेद्य दाखवावयाचा आणि खावयाचा आपण, ही आमची जुनीच रीत. येथे फरक इतकाच की देव वयोवृद्ध असून दोन तास ताठ बसलेला आहे. शेवटी त्याला वीस मिनिटे मिळतात. मग प्रश्नोत्तरांसाठी वेळ नाही असे जाहीर होते, आणि वेळ नसलेल्या त्याच सभेत पाऊण तास भ्रमणध्वनी उंचावून सेल्फी काढण्याचा सोहळा चालतो. मागच्या रांगेत वही घेऊन आलेली एखादी नववीतली मुलगी हात वर करून करून शेवटी खाली घेते. त्या सबंध सभागृहात पाहुण्यास खरोखर भेटावयास आलेली ती एकटीच होती, आणि तिचीच भेट झाली नाही.

कोणी म्हणेल की, सामान्य लोकांना विज्ञान कळत नाही. त्यांनी कसले प्रश्न विचारावेत? हा आक्षेप नम्रतेच्या वेषातील आळस आहे. महाराष्ट्रात ज्यांचा जन्मदिवस कृषिदिन म्हणून पाळला जातो ते वसंतराव नाईक याच तालुक्यातील गहुलीचे. येथील मनुष्य कापूस, तूर आणि सोयाबीन यांच्या शेतांत वाढलेला. ढग, माती आणि पाणी यांविषयी त्याला जे कळते ते मुंबईच्या बंगल्यांतून कळत नाही. शर्मांनी वरून भारताची छायाचित्रे घेतली ती जमीन, पाणी, वने यांच्या अभ्यासासाठी. चारच वर्षांनी, 1988 साली, भारतीय सुदूर संवेदन मालिकेतील पहिला उपग्रह त्याच बैकानूरहून कक्षेत गेला. आणि आज असल्या चित्रांवरून जमिनीचा व पिकांचा अभ्यास करणाऱ्या संस्था आमच्या नागपुरात आहेत. मग आमच्या शेतकऱ्याने विचारावे: ‘वरून काळी जमीन आणि मुरमाड जमीन डोळ्यांनी वेगळी ओळखू येते का? एप्रिल महिन्यात आमचा विदर्भ केवढा उजाड दिसतो?’ बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर अशनीच्या आघाताने बेसाल्ट खडकात झालेले विवर आहे, आणि चंद्रावरील विवरांशी तुलना करण्यासाठी शास्त्रज्ञांनी ते अभ्यासिले आहे. वऱ्हाडच्या विद्यार्थ्याला चंद्राविषयी प्रश्न सुचावयास याहून जवळची जागा कोणती हवी?

गृहिणींनी विचारण्यासारखे तर त्याहूनही अधिक आहे. दीर्घकाळ अवकाशात राहणाऱ्यांच्या कमरेच्या व मांडीच्या हाडांतील घनता दरमहा शेकडा एक ते दीड इतकी घटू शकते. घरातील आजींच्या हाडांची झीज जिने सोसली आहे, तिचा याविषयीचा प्रश्न कोणत्याही प्राध्यापकाच्या प्रश्नापेक्षा नेमका असेल. अवकाशस्थानक दीड तासात पृथ्वीला फेरा घालते, म्हणजे एका दिवसात सुमारे सोळा सूर्योदय होतात. तेथे झोपेची वेळ कशी ठरते, हे विचारण्यास कोणती पदवी लागते? आणि ज्याने अर्धा तास वाचले आहे त्याला कळलेले असेल की, त्या उंचीवर गुरुत्वाकर्षण नाहीसे होत नाही. ते जमिनीवरच्या सुमारे नऊ-दशांश असतेच. यान आणि त्यातील माणूस दोघेही पृथ्वीभोवती सारखे पडत असतात, म्हणून माणूस तरंगतो. असा वाचक ‘तेथे गुरुत्वाकर्षण नसते ना?’ असे विचारणार नाही. ‘आपण पडत आहोत ही जाणीव शरीराला किती काळ होत होती?’ असे विचारील. पहिल्या प्रश्नाला पाहुणा मान हलवील. दुसऱ्या प्रश्नाला तो खुर्चीत पुढे सरकून बसेल.

येथे एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. लहान मूल जेव्हा ‘तेथे शौचाला कसे जाता?’ असे विचारते, तेव्हा त्याच्या तोंडावर हात ठेवू नये. तो प्रामाणिक प्रश्न आहे, आणि यंत्रशास्त्राच्या दृष्टीने अवघडही आहे. जेथे काहीच खाली पडत नाही, तेथे ते वाऱ्याच्या झोताने ओढून घ्यावे लागते, हे ऐकून त्या मुलाला गुरुत्वाकर्षण जेवढे समजेल तेवढे चार धडे वाचून समजणार नाही. वर्ज्य आहे तो प्रश्न नव्हे. त्यावर खिदळणारी प्रौढांची रांग वर्ज्य आहे.

दुसरा आक्षेप असा की, कीर्ती हवी तर गर्दीही सोसली पाहिजे. थोर मनुष्य लोकांचा असतो. लोकांचा असतो, म्हणजे लोकांच्या मालकीचा असतो काय? अवकाशातून आल्यावर चाहत्यांनी आपले कपडे फाडले, आणि राजकारण्यांनी मतांसाठी आपणास मतदारसंघांतून मिरविले, हे शर्मांनी सांगितले आहे. परदेशांतही हेच. चंद्रावर प्रथम पाऊल ठेवणारे नील आर्मस्ट्राँग 1971 पासून 1979 पर्यंत सिनसिनाटी विद्यापीठात प्राध्यापक होते. तेथे त्यांना विद्यार्थ्यांना विमानविद्या शिकवावयाची होती. परंतु लोकांना त्यांची स्वाक्षरी हवी होती, आणि ती बाजारात विकली जाते हे कळल्यावर 1994 च्या सुमारास त्यांनी स्वाक्षऱ्या देणेच बंद केले. 2005 साली तर त्यांच्या कापलेल्या केसांची, ते कापणाऱ्यानेच, तीन हजार डॉलरला विक्री केल्याचे उघडकीस आले. 2002 साली बझ ऑल्ड्रिन यांना एका गृहस्थाने भर रस्त्यात गाठून, तुम्ही चंद्रावर गेलाच नाहीत, तुम्ही खोटारडे आहात, असे ऐकविले. तेव्हा बहात्तर वर्षांच्या त्या म्हाताऱ्याने त्याच्या तोंडावर ठोसा लगावला, आणि सरकारने खटला भरला नाही. आम्ही मारामारीचे समर्थक नाही; परंतु शिष्टाचाराची सीमा कोठे असते, हे काही लोकांना अशाच प्रकारे कळते, हेही खरे.

तिसरा आक्षेप सर्वांत गोड आहे, म्हणून सर्वांत घातक. मुलांना प्रेरणा मिळते, असे सांगतात. थोर माणसाबरोबरचे छायाचित्र भिंतीवर असले की मूल मोठी स्वप्ने पाहते. यावर आमचे उत्तर आमच्याच घरात आहे. डॉ. जयंत नारळीकर, जे 2025 च्या मे महिन्यात आपणांतून गेले, त्यांच्याभोवतीही स्वाक्षरीच्या वह्या घेऊन मुले गर्दी करीत. ते त्यांना सांगत की, वहीवर स्वाक्षरी मिळणार नाही. मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, मी उत्तर लिहीन आणि त्याखाली सही करीन. मराठी शिष्टाचाराचा याहून उत्तम नियम कोणी घालून दिल्याचे आम्हांस माहीत नाही. सही हवी असेल तर तिची किंमत एक प्रश्न! ज्या मुलाने ती किंमत मोजली, त्याला सहीसोबत त्याने स्वतः मागून घेतलेले ज्ञान मिळाले. आणि ज्याने मोजली नाही, त्याला खरोखर काय हवे होते हेही उघड झाले. भिंतीवरच्या छायाचित्रात मूल थोर माणसाच्या शेजारी उभे असते. पोस्टकार्डावर ते त्याच्याशी बोलत असते.

तेव्हा आमच्या कुटुंबांनी आणि सभाचालकांनी काय करावे, ते स्पष्टच सांगतो. पाहुणा येण्यापूर्वी घरात अर्धा तास त्याच्याविषयी वाचन व्हावे, आणि ते मुलांनी मोठ्याने करावे. त्याचे नाव, हुद्दा आणि कार्य बिनचूक माहीत असावे; शर्मा अवकाशात गेले तेव्हा स्क्वाड्रन लीडर होते आणि निवृत्त झाले ते विंग कमांडर म्हणून, एवढा फरकही ज्याला ठाऊक नाही त्याने परिचय करून देण्यास उभे राहू नये. संबोधन ‘सर’ किंवा ‘साहेब’ असे साधे असावे. पायांवर डोके ठेवण्यासाठी रांग लावून वृद्धाला तासभर उभे करू नये. छायाचित्र सर्वांचे मिळून एकच घ्यावे. हार दोन पुरेत; स्वागताला दहा मिनिटे, व्याख्यानाला हवा तेवढा वेळ, आणि प्रश्नांना निदान पाऊण तास राखून ठेवावा. पहिले तीन प्रश्न विद्यार्थ्यांचे असावेत, उद्घाटकांचे नसावेत. प्रश्न एका वाक्यात विचारावा आणि विचारून खाली बसावे. स्वतःचे व्याख्यान प्रश्नचिन्ह लावून खपवू नये. पाहुणा ‘मला माहीत नाही’ म्हणाला तर त्या उत्तराचा सर्वांत अधिक आदर करावा, कारण ते शास्त्राचे उत्तर आहे. आपल्या पक्षाला, पंथाला किंवा पोथीला त्याच्याकडून प्रमाणपत्र मागू नये. आणि जेवणाच्या पानावर त्याला फक्त पाहुणा म्हणून वागवावे. शर्मांनी निवृत्तीनंतर निलगिरीतील कुन्नूर येथे घर केले. जो मनुष्य एवढ्या उंचीवरून परत येऊन डोंगरातील शांतता निवडतो, त्याला भाकरी, पिठले आणि थोडी उसंत यांची किंमत आपल्यापेक्षा अधिक कळते.

यातील एकाही गोष्टीस खर्च नाही. उलट शालींचा खर्च वाचतो. तरीही ती होत नाही, कारण तीत आपणास मागे बसावे लागते. आमच्या सत्कारांचे खरे सत्कारमूर्ती आम्हीच असतो, पाहुणा केवळ निमित्त. हे वर्म मान्य करावयास समाज धजत नाही, आणि त्याची किंमत मागच्या रांगेतील ती मुलगी देते. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी 1896 साली ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा प्रचंड ग्रंथ मराठीत प्रसिद्ध केला; आकाशाला प्रश्न विचारण्याची विद्या या भाषेत नवी नाही. ती आपण पुढच्या पिढीस देणार आहोत, की केवळ आकाशातून आलेल्याच्या गळ्यात हार घालण्याची, एवढाच प्रश्न आहे. पुढल्या वेळी पुसदच्या एखाद्या सभागृहात त्या मुलीचा हात वर गेला, तर व्यासपीठावरील चौदाही जणांनी गप्प बसावे आणि तिला बोलू द्यावे. त्या दिवशी एकही शाल दिली गेली नाही तरी चालेल. पाहुण्याचा सत्कार झालेला असेल.